जावईबापूंना उजेड सोसत नाही

२ फेब्रुवारी, सोमवार

आजही खाल्लं नाही.

फ्रीझरमधला उंदीर कोमट पाण्यात ठेवून मऊ केला, पुसला, चिमट्यात धरून नाकासमोर हलवला — भाऊ करायचा तसंच सगळं. लाल टॉर्चचं तोंड भिंतीकडे, म्हणजे उजेड डोळ्यांवर थेट जायला नको. जावईबापूंनी दुभंगलेली जीभ बाहेर काढली. एकदा, दोनदा. मग मान वळवली आणि आपल्या लाकडी ढोलीत निघून गेले.

सात आठवडे झाले. वजन ५७८ ग्रॅम. भाऊ गेला त्या आठवड्यात ६४० होतं. त्याच्याच अक्षरात लिहिलंय.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "खाल्लं का तुझ्या लाडक्याने?" मी नाही म्हटलं. "जाऊ दे," ती म्हणाली. कोणाला जाऊ दे, ते विचारलं नाही.

५ फेब्रुवारी

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी भिंगं पुसत बसले होते. मालक म्हणाले, "बाई, तुमच्याकडे साप पाळलाय म्हणे?"

सांगितलं. कॉर्न स्नेक. विष नाही, लहान मुलाच्या मनगटाएवढा जाड, माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढा लांब. अल्बिनो आहे, म्हणजे अंगात काळा रंग तयारच होत नाही. सगळा केशरी आणि पांढरा, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. आपल्या डोळ्यांत आतून काळा रंग असतो, जास्तीचा उजेड तो पिऊन टाकतो. ह्यांच्या डोळ्यांत तो नाही. उजेड आत शिरला की शिरला. आणि सापाला पापण्या नसतात. मिटून घ्यायची सोयच नाही.

"म्हणजे आपलं गिऱ्हाईक," मालक म्हणाले. "मोजमाप घ्या, गॉगल करून टाकू. फक्त कान नाहीत, काड्या अडकवणार कुठे?"

मी हसले. खरोखर हसले. मग एकदम वाटलं, घरी जाऊन हे भावाला सांगायचं. बोलताना ती सगळी माहिती त्याच्याच आवाजात बाहेर पडत होती — "शिरला की शिरला" हे शब्दसुद्धा त्याचे.

नावही त्याचंच. "येऊन बसतात. आठवड्यातून एकदा जेवतात. रुसले की ताटाकडे बघत नाहीत. सगळ्या घराने त्यांच्या कलाने घ्यायचं. जावई नाही तर काय, ताई?"

८ फेब्रुवारी, रविवार

आज मागची खोली झाडली. पडद्याला हात लावला नाही.

दारावरचा कागद तसाच आहे. चिकटपट्टी पिवळी पडलीय.

*खोलीचे नियम.*
*१. पडदा उघडू नये. जावईबापूंना उजेड सोसत नाही.*
*२. मोठा दिवा लावू नये. कारण वरीलप्रमाणे.*
*३. दार सताड उघडू नये. कारण तेच.*
*४. आत येण्याआधी टकटक करावी. साप बहिरा आहे, मी नाही.*

मी अजून टकटक करते. आणि थांबते. किती वेळ थांबायचं ते अंगात मुरलंय — आतून "ये गं" यायला लागायचा तेवढाच वेळ. मग दार ढकलते.

पडदा मी शिवलेला. दोन वर्षांपूर्वी. काळं कापड, दुहेरी, कडेला वजन म्हणून जुन्या किल्ल्या घातल्या. त्यानेच मागितला होता. "ताई, फटीतून येतो गं उजेड. त्याला त्रास होतो." मी दोन संध्याकाळी मशीनवर बसले. लावून झाल्यावर दार बंद करून आम्ही दोघं आत उभे राहिलो आणि मी विचारलं, "माझा हात दिसतो का?" तो म्हणाला, "नाही." किती खूश होता. मीही होते. एवढं अचूक काम मी जन्मात केलं नव्हतं.

त्याच सुमाराला त्याने शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली. घरी बसून काम मिळालं होतं — डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी हेडफोनवर ऐकायच्या आणि टाइप करायच्या. त्याला उजेड लागत नाही. "जावईबापूंना एकटं सोडवत नाही," असं सगळ्यांना सांगायचा. आम्हीही तेच सांगायचो. लोक हसायचे.

आई नव्हती हसत. आई म्हणायची, "त्या जनावराने माझ्या पोराचा उजेड खाल्ला."

११ डिसेंबरला भर दुपारी तो तळ्यावर गेला. पायऱ्यांवरून पाय घसरून बुडाला, असं कागदोपत्री लिहिलं गेलंय. आम्हीही तसंच सांगतो. दोन वर्षं दुपारी घराबाहेर न पडलेला माणूस डोळ्यांवरचा गॉगल टेबलावर ठेवून त्या उन्हात कशाला गेला, हे कोणी विचारत नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी ह्या खोलीत आले, तर काचेच्या पेटीवर जाड चादर टाकलेली आणि चादरीखाली, पेटीच्या एका कोपऱ्यात, बारका पिवळा दिवा जळत होता. चरकले. त्याच्या खोलीत दिवा! निघताना चुकून राहिला असेल. लगेच प्लग काढला. पेटीखालची गरम गादी तेवढी चालू ठेवली. त्याच्या नियमाबाहेर एक गोष्ट होऊ द्यायची नाही, असं ठरवलंय मी. हा साप जगला पाहिजे. त्याच्या हातची तेवढीच एक जिवंत गोष्ट उरलीय.

१२ फेब्रुवारी

लेक म्हणाली, "जावईबापूंचं मी बघते. तू दुकानातून दमून येतेस."

सोळा वर्षांची आहे. तिचे बाबा जहाजावर, वर्षातले सात महिने फोनवरच. मामाच तिचा सगळं काही होता — सायकल त्याने शिकवली, भागाकार त्याने शिकवला, खोटं बोलताना डोळे कुठे ठेवायचे तेही त्यानेच. तो गेल्यावर ती रडली नाही. मला त्याचीच काळजी होती. आता शाळेतून आली की दप्तर टाकते आणि सरळ मागच्या खोलीत. तासन् तास बसते. आज दाराबाहेरून ऐकलं, सापाशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती.

पोरीच्या हाताला माया आहे. बरं वाटलं मला.

१४ फेब्रुवारी

आज मी टकटक करायच्या आधीच आतून टकटक आली.

१५ फेब्रुवारी, रविवार

जावईबापूच होते. नाकाने पेटीचं झाकण ठोकत होते. नाक सोलवटून गुलाबी झालंय. भुकेला साप असं करतो, असं भावाच्या वहीत कुठेतरी आहे — पण भूक असेल तर खात का नाहीत?

पुन्हा उंदीर दिला. पुन्हा नाही.

आईला सांगितलं की आवाज सापाचा होता. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मला कालपासून माहीत होतं तसलंच काहीतरी असणार." मग थोड्या वेळाने — "मी पण ऐकला होता. मी दार उघडायला उठलेसुद्धा."

२१ फेब्रुवारी, शनिवार

आधी लिहून काढते.

दुपारी दुकानातून लवकर आले. लेक अजून आली नव्हती. टकटक केली, थांबले, आत गेले. पेटीचं झाकण एका बाजूने उचललेलं. ढोली रिकामी. पाण्याच्या भांड्यामागे नाही. पलंगाखाली नाही. लाल टॉर्च घेऊन गुडघ्यांवर सगळी खोली फिरले. मोठा दिवा लावला असता तर दोन मिनिटांत सापडला असता, पण नियम.

मग खुर्चीपाशी आले. खुर्चीच्या पाठीवर भावाचं जाकीट आहे. ते तिथून कोणी काढलेलं नाही. टॉर्च तिकडे वळवला आणि बघते तर जाकिटाची डावी बाही भरलेली. रिकामी लोंबत असते ती बाही — भरलेली, आत हात असावा तशी. कोपराशी वाकलेली.

मग ती हलली.

ओरडले नाही. काय केलं ते कोणाला सांगणार नाही, पण इथे लिहिते. मी म्हटलं, "कधी आलास?"

मनगटातून आधी जीभ आली, मग ते केशरी डोकं. कितीतरी वेळ मी बाही तशीच धरून बसले. आतून ऊब लागत होती. साप थंड रक्ताचा असतो, त्याला ऊब कुठून असणार. पण लागत होती.

लेक आली तेव्हा मी खाली बसलेली, मांडीवर जाकीट, जाकिटात साप. दप्तर बाजूला ठेवून शेजारी बसली. म्हणाली, "मला पण वाटतं गं, तो इथेच आहे म्हणून."

"भीती वाटते?"

"नाही. इथेच बरं वाटतं. बाहेर नाही वाटत."

मी तिच्या केसांवरून हात फिरवला.

२५ फेब्रुवारी

दुकानात जुनी कार्डं नीट लावत होते. त्यात त्याचं कार्ड निघालं. दीड वर्षापूर्वीचं. माझ्याच अक्षरात —

*तक्रार: उजेड टोचतो. तपासणी: दोन्ही डोळे निर्दोष. दिले: गडद तपकिरी, बिननंबरी.*

आठवलं सगळं. तपासणीच्या खुर्चीत बसून त्याने पट्टीवरची शेवटची ओळ वाचली होती, मग मला चिडवायला तीच उलटी वाचून दाखवली. मी बॅटरी मारून आत बघितलं. मोतीबिंदू नाही, सूज नाही, काही नाही. म्हटलं, "अरे, डोळे छान आहेत तुझे. उजेड टोचेल कशाला?"

"दिवसभर जावईबापूंबरोबर अंधारात असतो ना. सवय गेली."

"मग जरा बाहेर पडत जा."

"पडेन की. तू आधी गॉगल तर दे."

दिला. सगळ्यांत गडद दिला. काड्या गरम करून त्याच्या कानांमागे नीट बसवल्या. आरशात बघून तो म्हणाला, "आता कसं — आता कोणाला काही दिसणार नाही." मालकही हसले होते.

"कोणाला" म्हणाला होता. "मला" नाही. आज कार्ड हातात आलं तेव्हा आठवलं.

२८ फेब्रुवारी

लेकीने विचारलं, "मामाचा गॉगल मी घेऊ? शाळेतून येताना ऊन लागतं." घे म्हटलं. त्याची वस्तू कोणीतरी वापरतंय, बरं आहे.

३ मार्च

जावईबापूंचे डोळे दुधी झालेत. निळसर पांढरे, ढग भरल्यासारखे. कात टाकायच्या आधी असं होतं. सापाच्या डोळ्यांवरही कातच असते, तीही सुटते. आपण "डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं" म्हणतो. ह्यांना ते खरंच करावं लागतं, चार-सहा दिवस. मग निघून जातं, आणि दिसतं.

आई दारात येऊन उभी राहिली. आत येत नाही ती. म्हणाली, "एक सांगू? रागावू नकोस. महिनाअखेरपर्यंत ते हलव घरातून. ज्याच्याकडून आणलं त्याला देऊन टाक. माझ्याने बघवत नाही. माझं पोर नाही आणि ते आहे."

"ते पण राहील असं दिसत नाही, आई."

"मग मरायला तरी दुसरीकडे जाऊ दे."

तिच्यावर रागावणं शक्य नाही. तिला कोणावर तरी रागावायचंय, आणि सापाला ऐकू येत नाही.

७ मार्च

कात निघाली, पण तुकड्यातुकड्यांनी. भावाच्या वेळी अखंड निघायची, मोज्यासारखी. तो ती उशीखाली सपाट करून ठेवायचा आणि लेकीला पुस्तकात खूण म्हणून द्यायचा. ह्या वेळी उजव्या डोळ्यावरचा तुकडा तसाच राहिला. वजन ५४१.

सोमवारी डॉक्टरकडे नेणार. प्राण्यांच्या डॉक्टरबाई, भाऊ जायचा त्याच.

९ मार्च, सोमवार

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

जावईबापूंना उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा टोपलीत, टोपलीवर काळं कापड. डॉक्टरबाई माझ्याएवढ्याच असतील. अभ्रा सोडल्या सोडल्या म्हणाल्या, "अरे, हे तर जावईबापू!" भावाबद्दल त्यांना माहीत नव्हतं. सांगितलं. त्या जरा वेळ सापाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

ओल्या कापसाने त्यांनी डोळ्यावरचा तुकडा मऊ केला, आणि सोडवला. दोन मिनिटांचं काम. मग विचारलं, "उजेड किती असतो ह्यांना?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं. "फटसुद्धा ठेवलेली नाही."

"अजिबात म्हणजे? दिवसासुद्धा?"

"अल्बिनो आहेत ना."

त्यांनी हातमोजे काढले. "अहो, अल्बिनोला कडक उजेड नको. थेट ऊन नको, डोक्यावर मोठा दिवा नको, लपायला जागा हवी. एवढंच. पण काळोख म्हणजे काही औषध नाही. दिवस उगवला, दिवस मावळला, हे त्यांना कळावं लागतं. नाही कळलं की भूक विसरतात. म्हणून तर तो टायमरचा दिवा लावायला सांगितला होता."

"कुठला दिवा?"

"बारका पिवळा. तुमच्या भावाला मीच सांगितलं होतं, दोन वर्षांपूर्वी. पेटीवर चादर टाका, आत दिवा ठेवा. सकाळी आपोआप लागेल, संध्याकाळी विझेल. छान चाललं होतं की त्यावर. बंद पडला का?"

मी म्हटलं, "मी काढला."

त्यांनी टोपली जवळ ओढली. मी विचारलं, "पण चादर कशाला? खोलीतच मंद उजेड ठेवला असता तर—"

"तेच मी म्हटलं होतं. पडदा थोडा सरकवा, काम झालं. सरळ उपाय. तर ते म्हणाले, तसं नाही करता येणार." त्या टोपलीवरचं काळं कापड घडी घालत होत्या. "म्हणाले, घरात एकाला उजेड सोसत नाही. मला वाटलं तुमच्या आई वगैरे आजारी असतील."

मी हो म्हटलं की काय म्हटलं, आठवत नाही. परत येताना टोपलीवर कापड घातलंच नाही.

१० मार्च

घरात एकाला.

११ मार्च

त्याची वही पहिल्यापासून वाचली. सापाच्या जेवणाची वही, दुसरं काही नाही. सुरुवातीची चार वर्षं — *सकाळ. पडदा अर्धा. बाहेर आले, खाल्लं. पडदा उघडा, पाऊस बघत बसले. खाल्लं.* एका पानावर खिडकीचं चित्रसुद्धा आहे, तावदानाशी वेटोळं. मग एका जूनमध्ये — *पडदा बंद.* त्यापुढे पडद्याचा शब्द नाही. नुसतं खाल्लं, खाल्लं, खाल्लं.

म्हणजे चादरीखाली सापाला रोज सकाळ होत होती. त्याने एक दिवस चुकवला नाही. आणि चादरीच्या ह्या बाजूला तो बसलेला.

मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते. खोटी तक्रार घेऊन येणारी पोरं मला एका मिनिटात कळतात. आणि घरात — नियम लिहून दारावर चिकटवले होते त्याने. चार ओळी. आम्ही येता-जाता वाचायचो. आणि पाळायचो! पडदा शिवून दिला, गॉगल करून दिला, मोठा दिवा लावला नाही, टकटक केली. किती समजून घेतलं आम्ही. सापाला.

१२ मार्च

पेटी बाहेरच्या खोलीत आणली. पूर्वेच्या खिडकीपासून हातभर लांब, खिडकीला पातळ पांढरी ओढणी. ढोली आत आहेच, वाटलं तर जातील.

आईला सांगावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. पण पेटी बघून तिनेच विचारलं, "उजेडात कशी?" मग सांगितलं. दिव्याचं, चादरीचं, डॉक्टरबाई म्हणाल्या ते.

ती खुर्चीत बसली. बराच वेळ पेटीकडे बघत होती.

"म्हणजे ह्याने नाही खाल्ला."

"नाही."

"ह्याचं काहीच नव्हतं त्यात."

"नाही, आई."

"मग आता मी कोणाला बोल लावू?" ती म्हणाली. रडत नव्हती. खरंच विचारत होती, एखादी वस्तू कुठे ठेवलीय ते विचारावं तशी.

संध्याकाळी बघते तर पेटीखाली तिने आपलं जुनं पातळ घडी करून घातलं होतं. "काच टेबलावर घसरते," म्हणाली. महिनाअखेरचं काही बोलली नाही.

१५ मार्च, रविवार

खाल्लं!

सकाळी साडेसात. ओढणीतून कोवळा उजेड येत होता, दुधात पाणी घातल्यासारखा. जावईबापू आपणहून ढोलीबाहेर आले, डोकं उचलून खिडकीकडे करून राहिले. उंदीर दाखवला. पहिला झटका चुकला, चिमट्यालाच लागला — उजेडात अंदाज चुकतो त्यांचा, भाऊ म्हणायचा, "जावई आहेत, नेम कुठून असणार." दुसऱ्या वेळी पकडला. वेटोळं, मग सावकाश, डोक्याकडून, सगळा.

आई मागे उभी होती. "खाल्लं का त्यांनी?" म्हणाली. "त्यांनी." सहा वर्षांत पहिल्यांदा.

लेकीला हाक मारली, ये ये, बघ. मागच्या खोलीतून "आले" म्हणाली. आली नाही. अभ्यासात असेल. पेटी हलवली तरी ती तिथेच बसते. शांत वाटतं म्हणाली.

१८ मार्च

वजन ५६३. आई सकाळी चहा घेऊन पेटीसमोर बसते. आज म्हणत होती, "सून असती तर एवढे लाड केले नसते मी."

रविवारी मागची खोली आवरायची, पडदा काढायचा, असं ठरवत होते. लेक म्हणाली, "राहू दे ना एवढ्यात."

राहू दे म्हटलं. तिच्या मामाची खोली. घाई कशाला. डोकं दुखतं म्हणत होती, दुकानात एकदा डोळे तपासून घ्यायला हवेत.

२० मार्च, शुक्रवार

दुपारी चष्मा विसरला म्हणून घरी आले. आई बाहेर गेलेली. दारात लेकीचे बूट. शाळा सुटायला तीन तास होते.

जावईबापू खिडकीपाशी, उजेडात, डोकं वर करून. त्यांच्या शेजारून मागच्या खोलीपाशी गेले. टकटक केली. थांबले. "ये" आलं नाही. दार ढकललं. आत काहीच दिसेना, माझा हातसुद्धा. पडद्याच्या दिशेने दोन पावलं टाकली.

जमिनीवरून, अगदी जवळून, तिचा आवाज आला. "पडदा उघडू नको, आई. जावईबापूंना उजेड सोसत नाही."

हे तिच्या शेजारी खाली बसून लिहितेय. दुकानात गेले नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवर आहे. पडदा उघडला नाही. दार सताड उघडं ठेवलंय — तेवढ्या उजेडात अक्षर दिसतंय.